डोह ओळखावा कसा?

मोहोपाडा-रसायनीजवळून जाणारी पाताळगंगा भर मे महिन्यातही वाहत असते. आसपासचे ओढे तोवर कधीच आटलेले असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो, आणि हिच्या पात्रात मात्र पाणी खळाळते. हे पाणी मूळचे इकडचे नाही. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत साठलेले पाणी टाटांच्या खोपोली वीजकेंद्रासाठी मोठमोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली उतरवले जाते. हे केंद्र 1915 मध्ये सुरू झाले. पूर्वेला कृष्णा खोऱ्याकडे जायचे ते पाणी टर्बाइन फिरवून पश्चिमेला, पाताळगंगेत येते. कर्जतकडेही असेच घडते. ठोकरवाडी धरणाचे पाणी 1922 पासून भिवपुरी केंद्रातून पेज नदीत आणि पुढे उल्हासात जाते.

नदीत पोहायला जागा शोधणाऱ्याने आधी हेच समजून घ्यायला हवे. विजेची मागणी वाढते तेव्हा टर्बाइन फिरतात आणि पाणी सुटते. आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना नदी हातभर चढू शकते. म्हणून वीजकेंद्राच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरण्याआधी काठावरचा एखादा दगड हेरून ठेवावा आणि पाणी त्याला लागते का, यावर लक्ष ठेवावे. पाणी किती वाजता सुटते हे गावातल्या माणसांना ठाऊक असते. त्यांना विचारण्यात कसला आलाय कमीपणा?

युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, नदीत किंवा डोंगराळ माळावरच्या कुंडांत पोहणे हा आता मोठा छंद झाला आहे. रॉजर डीकिन यांचे ‘वॉटरलॉग’ हे पुस्तक 1999 मध्ये आले आणि त्या छंदाला नवी पालवी फुटली. आपल्याकडे याला छंद असे वेगळे नाव कधी नव्हते. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मुलांना डोहात सोडायचे, हीच गावोगावची पोहण्याची शाळा. ती बंद पडत चालली आहे आणि तिच्याबरोबर नदी ओळखण्याची विद्याही लोपते आहे. मला हे नुकसान फार मोठे वाटते. पोहता न येणारी आणि नदी न कळणारी पिढी पावसाळ्यात नेमकी धबधब्यांकडे धाव घेते.

डोह तयार होतो कसा? आपला सह्याद्री बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यांतले काही थर घट्ट आहेत, तर काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, ठिसूळ. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीसारखा मऊ पट्टाही सापडतो. ओढा कड्यावरून कोसळतो तेव्हा खालचा मऊ थर आधी झिजतो, कडा आतून पोखरला जातो आणि पायथ्याशी खोल खळगा पडतो. सपाट कातळावर वेगळी क्रिया चालते. भोवऱ्यात अडकलेले गोटे जात्यासारखे गरगर फिरत खडक दळत राहतात आणि रांजणाच्या आकाराचे खळगे कोरले जातात. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीत असे रांजणखळगे शेकड्यांनी पाहायला मिळतात. दिसायला ते सुंदर, पण पोहायला वाईट. भिंती उभ्या आणि गुळगुळीत असतात, हाताला पकड मिळत नाही आणि आत कपारी असतात.

नदी डोंगर सोडून सपाटीला आली की तिचा स्वभाव बदलतो. गोट्यांच्या पात्रात खोल डोह आणि उथळ खळाळ आलटून-पालटून येतात. एका डोहापासून दुसरा डोह साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर असतो, असे नद्यांच्या अभ्यासकांना जगभर आढळले आहे. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी खोल आणि वेगवान असते, तो काठ तुटत असतो. आतल्या बाजूला वाळू-गोट्यांचा उतार तयार होतो. पोहणाऱ्याने शोधावी ती ही आतली बाजू. तिथून हळूहळू खोल पाण्यात जाता येते आणि दमल्यावर पाय टेकवता येतात.

खोलीचा अंदाज मात्र डोळ्यांवर सोडू नये. पाण्याचा अपवर्तनांक 1.33 असल्यामुळे सरळ वरून पाहिले तरी तळ प्रत्यक्ष खोलीच्या पाऊणपट खोलीवर भासतो. सव्वा मीटर, म्हणजे छातीएवढे दिसणारे निवळशंख पाणी खरे तर 1.6 मीटरच्या पुढे असते आणि अनेकांच्या नाकातोंडात जाते. काठावरून तिरके पाहिले तर ते आणखी उथळ वाटते. बांबूने खोली मोजल्याशिवाय आणि तळाचे खडक चाचपल्याशिवाय कुणीही सूर मारू नये. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात दुसरा धोका असतो. त्यात हवा मिसळलेली असल्याने पाण्याची घनता कमी होते आणि चांगला पोहणाराही नेहमीसारखा तरंगत नाही. छोट्या बंधाऱ्यांचा धोका तर बहुतेकांच्या गावीही नसतो. भिंतीवरून पडणारे पाणी तळाशी जाऊन वर येते आणि पुन्हा भिंतीकडेच वळते. त्या फिरत्या प्रवाहात सापडलेला माणूस ओढला जाऊन पुन्हा पुन्हा पाण्याखाली जातो. बंधाऱ्याच्या लगेच खाली कधीही उतरू नये.

आता पावसाळ्याचे गणित. एका ओढ्याचे पाणलोट क्षेत्र 5 चौरस किलोमीटर आहे आणि वर माथ्यावर तासाभरात 60 मिलिमीटर पाऊस झाला, असे समजा. हे पाणी होते 30 कोटी लिटर. उभा उतार आणि उघडा कातळ पाणी फारसे जिरवून घेत नाहीत, त्यामुळे त्यातले बरेचसे थोड्याच वेळात ओढ्यात येते. खाली ऊन पडलेले असताना वरून लोंढा येतो तो असा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे मघाशी सहज ओलांडलेल्या पाण्यात पाय ठरत नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात पालापाचोळा वाहून येणे, वरून घुमणारा आवाज येणे, या खुणा दिसल्या की चप्पल-पिशवी विसरून उंच जागा गाठायची. पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर बंदी घालते तेव्हा चिडणाऱ्यांनी वरचे गणित एकदा करून पाहावे.

माझ्या मते आपल्या भागात नदीत पोहण्याचा मोसम दसऱ्यानंतरचा. पाऊस थांबलेला असतो, गाळ बसतो, पाणी निवळते आणि डोह अजून भरलेले असतात. माणिकगड, इर्शाळगड, प्रबळगड आणि माथेरानच्या कुशीतून येणारे ओढे तेव्हा हळू वाहतात. कुठल्या डोहात कपार आहे, कुठे तळाला झाडाचे खोड अडकले आहे, हे वाडीवरच्या ठाकर-कातकरी बांधवांइतके कुणाला माहीत नसते. मोरबे धरण नवी मुंबईला पिण्याचे पाणी पुरवते, तिथे पोहण्याचा विचारही नको.

उरतो प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा. मोहोपाड्याच्या वाचकांसाठी तोच सर्वांत जिव्हाळ्याचा. घाटावरून उतरलेले पाताळगंगेचे पाणी वस्त्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यातून जाते, आणि प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादीत तिचे नाव आलेले आहे. आंघोळीयोग्य पाण्याचे केंद्रीय निकष स्पष्ट आहेत: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम, आणि 100 मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जिवाणू 500 च्या आत. ही परीक्षा डोळ्यांनी होत नाही, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही जिवाणू असतात. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात उतरले तर लेप्टोस्पायरोसिसची भीती वेगळीच.

इंग्लंडमधील इल्कली गावच्या लोकांनी आग्रह धरला आणि 2020 मध्ये व्हार्फ नदीतल्या त्यांच्या पोहण्याच्या जागेला अधिकृत स्नानस्थळाचा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेली ती त्या देशातली नदीवरची पहिली जागा. त्यामुळे पाण्याची नियमित तपासणी बंधनकारक झाली. तपासणीत पाणी वाईट ठरले, सांडपाण्याचा प्रश्न उघडा पडला आणि त्याचा जाब विचारता येऊ लागला. आपल्याकडेही खालापूर आणि कर्जत तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी आपापल्या हद्दीतला एकेक डोह निवडावा. तिथे खोली, पाणी सुटण्याच्या वेळा आणि पाणी तपासणीचे ताजे निष्कर्ष लिहिलेला फलक लावावा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा.