गच्चीवरचे कोटिंग दोन-तीन उन्हाळ्यांतच का उखडते?

नांदेड-लातूर भागात पूर्वी अनेक घरांवर मातीचे जाड माळवद असे. ते सावकाश तापे आणि सावकाश निवे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशी जड छपरे कोसळून हजारो बळी गेले. त्यानंतर सिमेंटच्या स्लॅबची घरे वाढली. हा स्लॅब गळू नये म्हणून त्यावर वॉटरप्रूफिंगचे कोटिंग लावले जाते. पण काही वर्षांतच त्याचे पोपडे निघू लागतात. दोष नेहमी डब्यातल्या मालाचाच असतो असे नाही.

मे महिन्यात हवेचा पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा उन्हातली गडद गच्ची 60 अंशांपर्यंत तापू शकते. पहाटे ती 25-30 अंशांवर येते. एवढ्या फरकाने 10 मीटर लांबीचा स्लॅब साधारण 3 मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. प्लास्टिकसारख्या रसायनांचे कोटिंग मात्र त्याच तापमानाला काँक्रीटच्या कित्येक पट पसरू पाहते.

दोघे एकमेकांना चिकटलेले असल्याने ओढाताण होते. रात्री कोटिंगला जास्त आखडायचे असते, पण स्लॅब त्याला धरून ठेवतो. या ताणाने भेगा पडतात. दुपारी उलटे होते. कोटिंगला पसरायला जागा मिळत नाही आणि जिथे पकड कच्ची असते, तिथे ते वर उचलले जाते. हे रोज घडते. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनी कोटिंगचा लवचीकपणा कमी होत जातो. मग तापलेल्या गच्चीवर वळवाचा पाऊस पडला, की वरचा थर एकदम आखडतो आणि तडकतो.

स्लॅबमध्ये ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन फुगे येतात. स्लॅबला आधीच भेग असेल तर ती रात्री रुंदावते, दिवसा मिटते; तिच्यावरचे कोटिंग सर्वांत आधी फाटते. जाड थर दिला की टिकेल, हा समजही चुकीचा आहे. थर जाड तितकी त्यात ताणाची ऊर्जा जास्त साठते आणि तो सुटण्याची शक्यता वाढते.

म्हणून खरे काम कोटिंगच्या आधीचे असते. जुने पोपडे आणि धूळ काढावी, भेगा रुंद करून लवचीक सीलंटने भराव्यात, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई करून जाळी बसवावी. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा; सकाळी खाली थेंब दिसले तर स्लॅब अजून ओला आहे. नंतर प्रायमर आणि कंपनीने सांगितलेल्या जाडीचे दोन थर, तेही दुपारचे ऊन टाळून द्यावेत. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे गच्ची कमी तापते आणि ओढाताणही घटते.

पोपड्यांकडे दुर्लक्ष केल्यास पाणी स्लॅबमधल्या लोखंडापर्यंत पोहोचते. लोखंड गंजून फुगते आणि छताचे तुकडे पडू लागतात. तेव्हाचा खर्च कोटिंगपेक्षा कितीतरी मोठा असतो.