न दिसणारं मोजायचं कसं?

हदगावात समुद्र नाही, पण हदगावचं पाणी मात्र समुद्राला जातं बरं का! आपल्याकडचं पाणी उतारानं पैनगंगेत जातं. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एक झाल्या की प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला भेटते. नांदेडच्या घाटांवरून गेलेलं पाणी आणि आपलं पाणी तिथं एकत्र येतं आणि बंगालच्या उपसागराकडे निघतं. मोरीतलं, संडासातलं सांडपाणी साफ न करता नाल्यात सोडलं, तर तेही याच वाटेला लागतं.

मुंबईत ही वाट अगदीच छोटी. वरळीला आणि वांद्र्याला समुद्रतळाखालच्या खडकातून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे बोगदे काढलेत. वरळीचा १९९९ मध्ये सुरू झाला, वांद्र्याचा २००३ मध्ये. शहराचं सांडपाणी त्यातून जातं आणि दूर, खोल पाण्यात, अनेक तोंडांनी बाहेर पडतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर चढू लागतं आणि चढता चढता समुद्रात मिसळून पातळ होतं. ऊन आणि मीठ बरेच जंतू मारतात. युक्ती चांगलीच आहे! पण पातळ झालेली घाण संपलेली नसते. मासे, मासे खाणारी माणसं, किनाऱ्यावर खेळणारी मुलं यांना त्रास होतोय का, हे सारखं तपासावंच लागतं. नागपूरच्या नीरी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्याचा असा अभ्यास केला आहे.

आता गंमत पाहा. कॉलरा, टायफॉईड, कावीळ... एकेका रोगाचा जंतू पाण्यात शोधत बसलो तर दिवस पुरायचे नाहीत. म्हणून शोधतात माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारे कोलिफॉर्म जंतू. त्यातले बहुतेक निरुपद्रवीच. पण ते सापडले, की पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे कळतं आणि रोगजंतूही असू शकतील हा इशारा मिळतो.

पण एवढासा जंतू दिसणार कसा? पाणी एका अतिबारीक गाळणीतून ओढतात. जंतू वर अडकतात. ती गाळणी जंतूंच्या खाऊवर ठेवून २४ तास ४४.५ अंश सेल्सिअसला उबवतात. पोट भरलं, ऊब मिळाली, की एकाचे दोन, दोनाचे चार! असं नुसतं ३० वेळा झालं, तरी एकाचे १०० कोटींहून जास्त होतात. दुसऱ्या दिवशी गाळणीवर निळे ठिपके उठलेले असतात. एक ठिपका म्हणजे काल अडकलेला साधारण एक जंतू. ठिपके मोजले, की झालं! समुद्रात जिथं लोक पोहतात, तिथं १०० मिलिलिटर पाण्यात हे जंतू १०० च्या आतच असावेत, असं आपल्या देशाचं मानक आहे.

एवढ्यानं भागत नाही. पाणी भरती-ओहोटीबरोबर हलतं, आज घाण तर उद्या स्वच्छ दिसतं. म्हणून होडीतून समुद्रतळाचा चिखलही उपसतात. तो चाळणीत धुतला की शिंपले आणि इवले किडे उरतात. घाण साचत गेली की नाजूक जाती नाहीशा होतात आणि कॅपिटेला नावाचा लालसर किडा भराभर वाढतो. कोण उरलं, कोण गेलं, हे सूक्ष्मदर्शकाखाली बसून मोजायचं. मग पुढच्या वर्षी त्याच जागेवर होडी न्यायची आणि चिखल पुन्हा चाळायचा.