ड्रिप कॉफी की एस्प्रेसो? यंत्र घेण्यापूर्वी विचार करा

कॉफीचे छोटे दुकान टाकू पाहणारे आपले तरुण बांधव आधी यंत्राची किंमत विचारतात. वास्तविक पहिला प्रश्न असा, की गिऱ्हाइकाच्या हाती कोणती कॉफी द्यायची? ड्रिप आणि एस्प्रेसो ही एकाच बियांची दोन वेगळी पेये आहेत आणि दोहोंचा हिशेबही वेगळा आहे.

ड्रिप म्हणजे ठिबकणारी कॉफी. जाडसर दळलेल्या पुडीवर उकळीच्या किंचित खालचे पाणी सोडतात व ते आपल्या वजनानेच गाळणीतून खाली उतरते. जर्मनीतील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली अशा कागदी गाळणीचे पेटंट घेतले. लिटरभर पाण्यास सुमारे ६० ग्रॅम पूड आणि चार ते सहा मिनिटे लागतात. कॉफी पातळ व स्वच्छ उतरते. दक्षिणेकडचा पितळी फिल्टर याच जातीचा. फक्त त्यात पूड बारीक असते, पुष्कळदा चिकोरीही असते आणि अर्क घट्ट निघतो.

एस्प्रेसोत काम करतो तो दाब. इटलीत बेझ्झेरा यांनी १९०१ साली वाफेच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे गॅजिया यांच्या दांड्याच्या यंत्राने दाब वाढवला आणि कपावर तपकिरी साय येऊ लागली. आज सात ते नऊ ग्रॅम अतिबारीक पुडीतून हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट दाबाने पाणी ढकलतात. अर्ध्या मिनिटात जेमतेम ३० मिलिलिटर अर्क मिळतो. त्यात वाफाळलेले फेसाळ दूध घातले की कॅपुचिनो, दूध जास्त व फेस कमी तर लाटे, नुसते गरम पाणी घातले तर अमेरिकानो. ‘मोका’त चॉकलेट असते, नाव मात्र येमेनच्या मोखा बंदराचे, जेथून एके काळी जगाला कॉफी जाई.

आपल्याकडे लग्नात ‘एस्प्रेसो’ म्हणून मिळते ती दुधात तयार कॉफीची पूड घालून वाफेने फेसाळलेली असते. चवीला ती वाईट नाही, पण पाटीवर तिला एस्प्रेसो म्हणू नये. हल्लीचे गिऱ्हाईक फरक ओळखते.

एस्प्रेसो कडक म्हणून तरतरी जास्त, हाही गैरसमजच. घोटाघोटाला कॅफिन जास्त असले, तरी मोठ्या कपभर ड्रिप कॉफीत एकूण कॅफिन बहुधा अधिक भरते.

आता पैशाचे. एस्प्रेसोला यंत्राखेरीज चांगले दळणयंत्र आणि शिकलेला माणूस लागतो. यंत्र हप्त्याने घेतले तर व्याज आले, आणि तो आपल्यासाठी नुसता हिशेबाचा प्रश्न नाही. शिवाय रमजानमध्ये तरावीहनंतर पन्नास माणसे एकदम दाराशी आली आणि दुधासह प्रत्येक कपाला दीड-दोन मिनिटे लागली, तर शेवटच्याला तासाहून अधिक थांबावे लागेल. ड्रिपचे साधे यंत्र एका वेळी दहा-बारा कप देते. मात्र तापत्या तबकावर अर्धा तास राहिलेली कॉफी कडवट होते. ती ओतून देण्याची तयारी हवी. कमी भांडवलात सुरुवात ड्रिपने किंवा पितळी फिल्टरने करावी, असे आमचे मत आहे.

एस्प्रेसोच घ्यायचे ठरले तर आधी पाणी तपासून घ्या. बोअरच्या जड पाण्याने बॉयलरमध्ये क्षार साचतात. पाणी मऊ करणाऱ्या उपकरणाचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.