जुना फाँट, जुनी फाइल
समजा, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील एखाद्या शाळेने १९९५ साली संगणकावर स्मरणिका जुळवली. आज ती फाइल उघडली, तर मराठीऐवजी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. असे का? फाइलमध्ये असतात नुसते क्रमांक. कोणत्या क्रमांकाला कोणते मराठी अक्षर, हे बाहेरचा फाँट ठरवी आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असे. १९९१ साली आलेल्या युनिकोडमध्ये मात्र ‘क’चा क्रमांक सगळीकडे २३२५च.

म्हणून आधी फाँटचे नाव नोंदवा, मग त्याच्याच तक्त्यावरून रूपांतर करा. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. ‘किती’ हा शब्द नीट उमटतो का, ते विद्यार्थ्यांकडून तपासून घ्या. मूळ फाइल व फाँट दोन्ही जपून ठेवा.