हार्मोन पचवणारे जिवाणू

कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या एका प्रायोगिक तलावात २००१ पासून तीन उन्हाळे संततिनियमनाच्या गोळीतलं इथिनिलइस्ट्राडायॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळलं गेलं. प्रमाण किती? लिटरमागे जेमतेम पाच-सहा नॅनोग्रॅम. तरीही तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाचे नर मादीसारखे होऊ लागले आणि ती जात तलावातून जवळजवळ नाहीशी झाली. सांडपाण्यातून नदीत जाणारे असे स्टेरॉइड हार्मोन कोण पचवतं, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

पचवणारे आहेत, आणि ते मातीत आणि सांडपाण्याच्या गाळातच असतात. टेस्टोस्टेरॉनवर जगणारा जिवाणू पॉल टॅलले यांच्या गटाने १९५० च्या दशकात अमेरिकेत अभ्यासला. आज त्याला कोमामोनास टेस्टोस्टेरोनी म्हणतात. असे जिवाणू हुडकायची रीत उपासमारीची. चिमूटभर माती किंवा सांडपाण्याचा गाळ नुसत्या क्षारांच्या द्रावणात टाकायचा आणि कार्बन म्हणून फक्त स्टेरॉइड द्यायचं. साखर नाही, पेप्टोन नाही. ज्याला ते पचतं तोच वाढतो. त्यातला थोडा अंश पुन्हा ताज्या द्रावणात, असं करत गेलं की त्याचीच सरशी होते. मग अगारच्या बशीवर रेघा ओढून एकेक वसाहत सुटी करायची. स्टेरॉइड पाण्यात फारसं विरघळत नसल्याने बशी गढूळ दिसते. खाणाऱ्या वसाहतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ उमटू शकतं.

खरी गंमत पुढे आहे. स्टेरॉइडच्या सांगाड्यात कार्बनची चार कडी एकमेकांना जोडलेली असतात. कोमामोनास पहिल्या कड्यातून हायड्रोजन काढतो आणि दुसऱ्यावर हायड्रॉक्सिल बसवतो. तयार झालेला रेणू टिकूच शकत नाही. दुसरं कडं आपोआप उघडतं. हायड्रॉक्सिल बसवणाऱ्या विकराला लोह लागतं. लोह पकडून ठेवणारं रसायन घातलं की साखळी तिथेच अडते आणि अर्धवट पचलेलं स्टेरॉइड साचतं. सोयाबीनच्या स्टेरॉलपासून औषधांचा कच्चा माल बनवताना ही पायरी बंद पडलेले मायकोबॅक्टेरियम वापरतात.

इस्ट्रोजेनचं काम अवघड. टोकियोच्या सांडपाणी केंद्रातल्या गाळातून मिळालेला नोव्होस्फिंगोबियम टार्डाऑजेन्स नैसर्गिक इस्ट्राडायॉल खातो. गोळीतल्या रेणूला मात्र सतराव्या कार्बनवर जादा गट चिकटवलेला असतो, त्यामुळे नेहमीची पहिली पायरीच बंद होते. शिवाय इस्ट्राडायॉलचं नुसतं इस्ट्रोन झालं, तर तेही इस्ट्रोजेनच, थोडं सौम्य इतकंच. एखादा जिवाणू हार्मोन 'संपवतो' असा दावा वाचलात, तर कडी फुटली का, हे आधी विचारा.