माना पडल्या की कांदा निघतो

भात कापून झालं की कोकणातली बरीच खाचरं पुढच्या पावसापर्यंत गुरांना मोकळी होतात. अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांत मात्र तेव्हाच धांदल उडते. भाताची ओल जिरायच्या आत जमीन नांगरायची, ढेकळं फोडायची, वाफे पाडायचे आणि पांढऱ्या कांद्याचं रोप लावायचं. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला, चवीला गोडसर असा अलिबागचा कांदा तो हाच.

शेतं लहान, गुंठ्यांत मोजावीत अशी. लागवड वाकून, हाताने. रोप फार खोल गेलं तर कांदा पोसत नाही. मुळं उथळ असल्याने पाणी थोडं थोडं, पण वरचेवर द्यावं लागतं. पात अरुंद आणि उभी. ती जमिनीवर सावली धरत नाही, मग तणाला रान मोकळंच. खुरपणीचा हा पाठ मोडणारा भाग बहुतेक बायकांच्या वाट्याला येतो. कौतुकाच्या बातम्यांत तो क्वचितच दिसतो.

शेजारच्या तुकड्यात वाल असतो. तो नुसत्या ओलीवर येतो आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्रही देतो. थंडीत त्याच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात जातात आणि पोपटी लागते. एवढी चैन हवीच!

फेब्रुवारीच्या सुमारास पात पिवळी पडते, कांद्याच्या माना पडू लागतात. निम्म्याअधिक पडल्या की काढणी. उपटलेला कांदा उन्हात सुकवतात, पण पात कापत नाहीत, कारण तिचीच वेणी घालायची असते. इथे सगळी कसरत वेळेची. पात ओली राहिली तर वेणी कुजते, कडक वाळली तर वळताना तुटते. मधली लवचिक अवस्था बोटांना कळावी लागते. टांगलेल्या माळेत प्रत्येक कांद्याला वारा लागतो, हा तिचा खरा उपयोग; देखणेपण वरकड.

तरीही पांढरा कांदा लाल कांद्याइतका टिकत नाही. त्यामुळे पावसाच्या आत माळा खपवायच्या असतात. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मग दुसरीकडचा पांढरा कांदाही ‘अलिबागचा’ म्हणून खपतो. मानांकनाचा कागद गाडी थांबवून भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसत नाही.

बियाणं शेतकरी घरचंच धरतात, आणि ते काम सर्वांत चिवट. काढलेल्या कांद्यातले निवडक बाजूला ठेवून पुढच्या हंगामात पुन्हा लावायचे, तेव्हा कुठे गोंडे येतात. मधमाश्या परागीभवन करतात. जवळपास लाल कांदा फुलात असेल तर वाणात भेसळ होते. शिवाय कांद्याचं बी फार दिवस दम धरत नाही, वर्षभराने उगवण घटत जाते. म्हणून विकायच्या पिकाबरोबर दरवर्षी बियाण्याचा वाफाही राखावा लागतो, भाव पडलेला असला तरी.