उड्डाणांत मोजलेलं वय

28 एप्रिल 1988 रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाचं पुढच्या भागातलं छत 24 हजार फुटांवर उडून गेलं. वैमानिकांनी विमान माउई बेटावर सुखरूप उतरवलं. एका हवाई सेविकेचा मात्र जीव गेला. विमान 1969 सालचं. हवेत काढलेले तास 35,496, म्हणजे फारसे नव्हेत. उड्डाणं मात्र 89,680! आराखडा होता 75 हजारांचा. हवाईच्या बेटाबेटांमधल्या फेऱ्या सरासरी पंचवीस मिनिटांच्याही नव्हत्या.

प्रत्येक उड्डाणात केबिनमधल्या हवेच्या दाबाने पत्रा ताणला जातो, उतरताना सैलावतो. धातू थकतो तो या ताणण्या-सैलावण्याने; इथे खाऱ्या हवेचा गंजही भर घालत होता. म्हणून सांगाड्याचं आणि इंजिनातल्या फिरत्या चकत्यांचं वय मोजताना तासांइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, ‘सायकल’, म्हणजे उड्डाण ते उतरणं असा एक फेरा, महत्त्वाची.

चकती किती सायकल वापरायची याची मर्यादा ती तुटण्याच्या क्षणाची नसते. हजारांतल्या एखाद्या चकतीत जेमतेम 0.8 मिलिमीटरची भेग पडू शकेल, असा हिशेब जिथे येतो, तिथेच रेघ मारतात. रेघ गाठली की निर्दोष दिसणारी चकतीही बाद. ही उधळपट्टी नव्हे. तुटलेलं पातं इंजिनाचं कवच अडवू शकतं, फुटलेली चकती नाही.

पण हा हिशेब धातू निर्दोष आहे असं धरून चालतो. 1989 मध्ये अमेरिकेत सू सिटीला कोसळलेल्या डीसी-10 च्या चकतीची मर्यादा 18,000 सायकलची होती. ती 15,503 लाच फुटली. टायटॅनियम घडवतानाच त्यात दोष राहिला होता आणि तपासणीत भेग नजरेतून सुटली. 112 माणसं गेली. मर्यादेला डोळस तपासणीची जोड लागतेच.

सगळ्याच भागांना अशी मुदत नसते. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी 1978 च्या अहवालात दाखवलं, की अभ्यासलेल्या भागांपैकी 89 टक्क्यांना ठरावीक वयात बदलून काहीच फायदा नव्हता. उलट, धडधाकट भाग उघडून जोडताना नव्या चुका शिरतात. असे भाग स्थिती पाहून बदलतात.

मुदतीच्या भागांना मात्र कारखान्यातून निघाल्यापासूनची एकेक सायकल कागदावर लागते. ही नोंद तुटली, तर चकती कितीही लखलखीत असो, ती विमानात बसवता येत नाही.